पुरात देव कुणी नेले

बाबांच्या वहीत सतराव्या पानावर एक वाक्य आहे. 'मी देव्हारा डोक्यावर घेतला आणि छातीएवढ्या पाण्यातून वाट काढत वरच्या आळीत पोचलो.' साल १९६९, गोदावरीचा महापूर. नाशिकच्या माणसाला पूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आम्ही किती क्युसेक वगैरे नंतर विचारतो, आधी विचारतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि मारुती बुडाला म्हटलं की समजायचं सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल सगळं गेलं. २००८ ला मी स्वतः पाहिलंय, २०१६ ला पाहिलंय. ६९ चा त्याच्याही वरचा होता असं सगळी जुनी माणसं सांगतात. आमचा वाडा तेव्हा दहीपुलापाशी होता, मातीच्या भिंती, म्हणजे पाणी चढलं की वाडाच बसतो की काय ही भीती.

बाबा तेव्हा बारा वर्षांचे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीये की मला ती डोळ्यांसमोर दिसते, अर्ध्या चड्डीतला मुलगा, डोक्यावर शिसवी देव्हारा, आत देव पंच्यात बांधलेले. तो देव्हारा आजही आमच्याकडे आहे. त्याचा कळस एका बाजूनं तुटून परत चिकटवलाय, रोज पुसताना बोटाला ती फट लागते, आणि बाबा सांगतात की पुरात दाराच्या चौकटीवर आपटून तो तुटला.

तर बाबांनी रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आठवणी लिहायला घेतल्या, दोनशे पानी वही, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, मी ती टाइप केली, घरच्यांसाठी शंभर प्रती छापायच्या ठरल्या. प्रूफ आलं तेव्हा पहिली प्रिंट मी आत्याला नेऊन दिली कारण तिला मोबाईलवर वाचायला त्रास होतो. आत्या बाबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. आठ दिवसांनी गेले तर म्हणाली छान लिहिलंय हो बाळनं, वाचताना रडू आलं. कागद परत घेतले तर सतराव्या पानाचा कोपरा दुमडलेला. बाकी एकाही पानाचा नाही. मी विचारलं हे काय तर म्हणाली, "काही नाही गं, राहू दे." मी उठले नाही तिथून. मग चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "देव मी नेले होते. तो तापानं फणफणला होता. आणि तो कळस पुरात नाही तुटला, वाडा सोडताना टेम्पोत तुटला."

घरी येताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच, की हे बाबांना कसं सांगायचं.

सांगितलं शेवटी. बाबा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते कितीतरी वेळ देव्हाऱ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "मला वजन आठवतंय गं. इथे मानेत कळ आलेली आठवतेय. ते कसं खोटं असेल?" त्यांच्या बोलण्यात नुसती भीती होती. मग पुढचे दोन-तीन महिने आमच्याकडे तो विषयच निघेना, छपाई थांबली, आणि आत्याचे फोन कमी झाले.

मधे येवल्याहून चुलत काकांनी जुने कागद पाठवले, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी आठवणी गोळा करतेय. त्यात आजोबांचं, म्हणजे बाबांच्या दादांचं, एक पोस्टकार्ड निघालं, पुरानंतर लगेच लिहिलेलं, शाई फिकी पडलेली पण अक्षर सुंदर. 'पाणी ओसरले. सर्व सुखरूप. चि. बाळ तापाने फणफणला असल्याने त्यास खांद्यावर घेऊन वर आणिले. देवही हलविले आहेत. काळजी नसावी.' मी ते पंधरा वेळा तरी वाचलं असेल. म्हणजे ज्याला उचलून नेलं होतं त्याला आपण उचलून नेल्याचं आठवत होतं. आणि देव? देव 'हलविले आहेत'. कुणी हलवले ते आजोबांनी लिहिलंच नाही. तेव्हा मला वाटलं पोस्टकार्डात जागा नसेल.

त्या दिवसांत मी आठवणींबद्दल मिळेल ते वाचत सुटले. उलरिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली चॅलेंजर यान कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की तुम्हाला ही बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली, आणि मग अडीचेक वर्षांनी त्यातल्या जी सापडली त्यांना तेच प्रश्न परत विचारले. बऱ्याच जणांची उत्तरं पार बदललेली होती, जागा वेगळी, माणसं वेगळी, आणि तरी आपलं आताचंच बरोबर असं ती ठासून सांगत होती. दुसरी एक एलिझाबेथ लॉफ्टस, तिनं आणि तिच्या सहकाऱ्यानं १९९५ साली एक प्रयोग छापला. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी वाचायला दिल्या, तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या, आणि एक बनवलेली की तू लहान असताना मॉलमध्ये हरवला होतास. साधारण पाव लोकांना ती न घडलेली गोष्ट थोडी किंवा पूर्ण 'आठवली'. घरच्या माणसानं सांगितलं की झालं. हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मी खोटारडा नाही ना. मला तेव्हा फार वाईट वाटलं, त्यांच्याच घरात त्यांना हे विचारावं लागावं याचं.

नाही, बाबा खोटारडे नाहीत. चुकून आठवणं आणि खोटं लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करणाऱ्यांवर माझा राग आहे. पण मग ते वाक्य तसंच छापायचं का? घरातले बरेच जण म्हणाले छापा, घरचंच तर पुस्तक आहे, कोण बघतंय, आणि गोष्ट तरी किती छान आहे. आत्या स्वतः म्हणत होती राहू दे, त्याला एवढं वाटतंय तर. मी एकटीच अडून बसलेले.

मी अडले कारण मला वाचक म्हणून माझं काय होतं ते माहितीये. मी सार्वजनिक वाचनालयाची, आमच्या भाषेत सावानाची, शाळेत असल्यापासूनची मेंबर. १८४० सालचं वाचनालय आहे ते, आणि तिथून मी कादंबऱ्यांपेक्षा आत्मचरित्रं जास्त आणली असतील. आत्मचरित्र उघडताना मी लेखकाशी काहीतरी ठरवून बसते. तू सांग, मी मानते. कादंबरी वाचताना मी अशी मानत नाही, तिथे मला रडायला आलं तरी मागे कुठेतरी ठाऊक असतं की हे रचलेलं आहे. आत्मचरित्रात तो आधारच नसतो, तिथे मी सगळा भार टाकून उभी असते. म्हणून तिथे फसवलं गेलं की फक्त पुस्तकावरचा विश्वास जात नाही, आपण ज्या पानावर रडलो ते आपलं रडणंही आपल्याला परकं वाटायला लागतं.

अमेरिकेत जेम्स फ्राय नावाच्या माणसाचं 'अ मिलियन लिटल पीसेस' २००३ ला आलं, व्यसनातून बाहेर पडल्याची कहाणी, स्वतःची म्हणून. २००५ मध्ये ओप्रा विन्फ्रीनं आपल्या बुक क्लबसाठी निवडलं आणि लाखांनी खपलं. जानेवारी २००६ मध्ये एका वेबसाइटनं पोलिसांचे कागद काढून दाखवले. पुस्तकात तुरुंगातले तीन महिने, प्रत्यक्षात काही तास. नंतर असंही बाहेर आलं की हे लिखाण आधी प्रकाशकांकडे कादंबरी म्हणून फिरलं होतं. त्यावर बचाव काय, तर भावना खऱ्या आहेत. हा बचाव मला मुळीच पटत नाही. भावना खरी असेल तर ती काही तासांतूनही पोचवता येते, त्याला तीन महिने लागत नाहीत. आणि व्यसनातून बाहेर पडू बघणारी किती माणसं त्या पुस्तकाला धरून उभी राहिली असतील, त्यांना कुणी विचारलं?

दुसरं उदाहरण याहून वाईट. १९९५ साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावानं जर्मनमध्ये एक पुस्तक आलं, लहानपणी नाझींच्या छळछावण्यांत काढलेल्या दिवसांच्या आठवणी. खूप मानसन्मान मिळाले. १९९८ मध्ये एका स्विस पत्रकारानं शोधून काढलं की हा माणूस स्वित्झर्लंडमध्येच जन्मला, तिथेच दत्तक गेला, तिथेच वाढला. पुढे प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. त्याला ते स्वतःला खरं वाटत होतं का, यावर आजही लोक बोलतात, आणि बाबांमुळे मला आता त्याच्याबद्दलही थोडं थांबून विचार करावासा वाटतो. पण ज्यांच्या घरची माणसं खरोखर तिथे मेली त्यांचं काय? असं एक पुस्तक खोटं निघालं की 'बघा, सगळंच बनावट' म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

हे आपल्याकडे जास्त जाणवतं मला. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात दया पवार हे शहरातले शिकलेले गृहस्थ आणि दगडू मारुती पवार हा त्यांच्याच आतला मुलगा, तो यांना आपली गोष्ट सांगतो अशी मांडणी आहे. म्हणजे रचना आहेच, लेखकानं हात फिरवलेला आहेच, पण तो उघडपणे, वाचकाला पहिल्याच पानांत सांगून. बेबी कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. या माणसांनी लिहिलं तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते खरं नसावं असंच वाटत होतं, असं कुठे असतं का, एवढं कुठे असतं का. त्यांच्या एका चुकीच्या तपशिलाची किंमत त्यांच्या सगळ्या समाजाला मोजावी लागली असती. ज्याच्यावर विश्वास ठेवायला लोक आधीच तयार असतात त्याला चूक परवडते. बाकीच्यांना नाही.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी केली होती. तारीख चुकली, पाऊस होता की नव्हता ते चुकलं, साडीचा रंग चुकला, चालेल. पण जे बदललं गेलं ते कुणाच्या पारड्यात पडलं ते बघायचं. माझ्या आठवणीतली प्रत्येक दुरुस्ती जर मलाच शूर, मलाच सोशीक, मलाच बिचारी करत असेल, तर मग ती आठवण परत एकदा तपासायला हवी. नाशिकच्या जुन्या घरांमधून विचारत फिरलं तर २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री प्रत्येकाचे पणजोबा विजयानंद थिएटरात 'शारदा' बघायला बसलेले असतात, अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा. आमच्याही घरात सांगतात. मला त्यात वाईट हेतू दिसत नाही, इतिहासाजवळ आपलं माणूस असावं असं कुणाला वाटत नाही? पण तिथे त्यांच्या खुर्चीत खरंच बसलेला कुणीतरी होता, आणि त्याचं नाव आपल्या पणजोबांनी झाकलंय.

याच्या उलट्या टोकाला आनंदवल्ली. गंगापूर रोडनं जाताना लागते, आता तिथे फ्लॅट आहेत, क्लासेस आहेत, बिल्डरांच्या पाट्या आहेत, आणि नाव आहे राघोबादादांच्या आनंदीबाईंचं. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं असं आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. 'ध चा मा' हा भाषेतला वाक्प्रचारच होऊन बसला. खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबांना, आणि त्या एका अक्षराबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण बाई मात्र अडीचशे वर्षं रोज बोलण्यात दोषी ठरतेय. एखाद्या माणसाबद्दलची गोष्ट फार गोळीबंद झाली की ती खरी आहे का हे कुणी विचारतच नाही. आणि जोडीला आपली सवय, ऐतिहासिक कादंबरीतले संवाद व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून फिरवायची. लेखकानं तर वर कादंबरी असं स्वच्छ लिहिलेलं असतं, विसरतो आपण.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक. आमच्या नाशिकच्या, इथल्या जलालपूरच्या. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली बाई, आणि १९३४ पासून जिची 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपात यायला लागली. नावातच स्मृती आहे, ही माझी आठवण आहे एवढंच म्हणतेय ती. मी ते दर तीन-चार वर्षांनी परत वाचते. नवऱ्यावर, कवी ना. वा. टिळकांवर, एवढं प्रेम असून त्यांचा तापटपणा, न सांगता निघून जाणं, हातात पैसा न टिकणं, काही म्हणजे काही झाकलेलं नाही, आणि स्वतःची चूक, स्वतःची फजिती तर अगदी समोर आणून ठेवते. तिथे कदाचित एखादी तारीख चुकलीही असेल, मला फरक पडत नाही. त्या बाईनं स्वतःच्या बाजूला पारडं झुकू दिलेलं नाही. मला बाबांचं पुस्तक तसं हवं होतं.

आणि आत्यासाठी हवं होतं. हे खरं कारण. आमच्या घरात बायकांनी केलेलं बरंच काही असंच पुरुषांच्या नावावर गेलंय, मुद्दाम कुणी केलं नाही, बोलताना गेलं. कर्ज फेडलं आजोबांनी, पण शिलाई मशीन आजीचं रात्री दोनपर्यंत चालायचं. आत्या अकरावीनंतर शिकली नाही कारण बाबांची फी भरायची होती, हे बाबांच्या वहीत आहे, त्यांनी स्वतः लिहिलंय आणि फार मनापासून लिहिलंय. तिच्या नावावर एक पूर होता, आणि त्यावरही ती राहू दे म्हणत होती. मला ते राहू द्यायचं नव्हतं.

शेवटी एका रविवारी बाबाच म्हणाले चल. प्रूफाचे कागद घेतले, पोस्टकार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि आत्याकडे गेलो. बाबांनी पोस्टकार्ड तिच्या हातात दिलं. तिनं वडिलांचं अक्षर बघून आधी ते कपाळाला लावलं, मग वाचलं. बाबांनी खिशातलं पेन काढलं, सतरावं पान उलगडलं, ते वाक्य एका रेघेनं खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'देव ताईने नेले. मी तापात होतो, मला दादांनी खांद्यावर नेले. मीच नेले असे मला आजवर आठवत होते.' मला वाटलं झालं, हेच हवं होतं. मी तिच्याकडे बघत होते की आता ती काय म्हणेल, डोळे भरून येतील वगैरे.

ती म्हणाली, "बाळ, तुझी चूक नाही. आईनंच सांगितलं तुला तसं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पण तेच सांगायची, बाळनं देव नेले. मी पण हो म्हणायचे."

बाबांनी विचारलं, "पण का गं?"

ती काही बोलली नाही. आत जाऊन चष्मा घेऊन आली, बाबांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली, समासात, सावकाश लिहायला लागली. तिचं अक्षर आता थोडं हलतं. आम्ही दोघं वाकून बघत होतो.

'त्या दिवशी मी बाहेरची होते, मागच्या खोलीत बसले होते. पाणी तिथे आधी आले. आईला ठाऊक होते. तरी ती म्हणाली तूच ने, कोणाला बोलू नकोस. देव्हारा नाही, देव नेले, पितळी डब्यात. देव्हारा दुसऱ्या दिवशी दादांनी आणला.'

आजोबांचं 'हलविले आहेत' मला तेव्हा कळलं. बाबा खूप वेळ मान खाली घालून बसले होते. मी विचारलं, आत्या, हे छापायचं? ती म्हणाली, "छाप की. आता कोण राहिलंय ओरडायला." मग पेनाचं टोपण लावता लावता परत थांबली, आणि कागद स्वतःकडे ओढून 'पितळी डब्यात' याच्या पुढे दोन शब्द घातले. 'आणि समई.'